शब्दचर्चा : घड्याळाची ‘क्लोन मूव्हमेंट’ बनावट म्हणावी का?

अनुवादिका : नामांकित घड्याळांच्या नकलांत कोणती यांत्रिक मूव्हमेंट, म्हणजे घड्याळ चालवणारी आतली यंत्रणा, बसवलेली असते, हे ओळखण्याविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. मूळ लेखात घड्याळ ‘रेप्लिका’ आहे आणि आतली मूव्हमेंट ‘क्लोन’, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या रचनेवरून बनवलेली. मी दोन्हींसाठी ‘नक्कल’ योजला. तपासणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे ‘बनावट’ हवे आहे.

शब्दप्रेमी : ‘नक्कल’ मुळात अरबी आणि त्यात फसवणूक गृहीत नाही, दस्तऐवजाचीही प्रमाणित नक्कल मिळते. ‘बनावट’ मध्ये हेतूच खोटा असतो. शिवाय ‘मूव्हमेंट’ कशाला? ‘यंत्रणा’ लिहावे.

कारागीर : घड्याळे उघडणारे आम्ही सगळे ‘मशीन’ म्हणतो आणि त्यात कोणाचा कधी गोंधळ होत नाही. मूळ प्रश्नाबाबत माझे मत ठाम आहे. एटा २८२४-२ या स्विस मशीनचे पेटंट संपल्यावर सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीने त्याच मापाचे एसडब्ल्यू२००-१ स्वतःच्या नावाने काढले. एटाचे २५ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), याचे २६. सीगल या चिनी कंपनीचे एसटी२१३० हेही त्याच घराण्यातले. तिन्ही ताशी २८,८०० ठोके देतात. यांना बनावट म्हणणे हा उघड अन्याय आहे.

शब्दप्रेमी : पण त्याच चिनी मशीनच्या रोटरवर, म्हणजे मनगट हलले की फिरून चावी भरणाऱ्या वजनावर, दुसऱ्याच कंपनीचे नाव कोरले, तर?

कारागीर : तर ते कोरीवकाम बनावट, मशीन नव्हे. म्हणूनच ओळखताना नावाकडे पाहू नये. स्वस्त नकलांत बहुधा डीजी२८१३ हे चिनी मशीन असते, जे मियोटा या जपानी कंपनीच्या ८२०० मालिकेवर बेतलेले आहे. त्याचे ठोके ताशी २१,६००, म्हणजे सेकंदाला सहा, एटाचे आठ. त्यामुळे सेकंद काट्याची चाल शेजारी ठेवल्यावर वेगळी दिसते. रोटर एकाच दिशेने चावी भरतो आणि उलट दिशेने मोकळा फिरतो, तेव्हा मनगट झटकले की आतली घरघर स्पष्ट ऐकू येते.

काटेकोर : एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. व्हॅलजू ७७५० या स्टॉपवॉचची सोय असलेल्या स्विस मशीनचा रोटरही एकाच दिशेने चावी भरतो आणि तोही मोकळा फिरताना मनगटाला जाणवतो. त्याचे ठोके मात्र २८,८०० आहेत. त्याच्या चिनी क्लोनमध्ये खरी परीक्षा छोट्या तबकड्यांची. ७७५० मध्ये चालता सेकंद, म्हणजे सतत फिरणारा छोटा सेकंद काटा, ९ च्या जागी असतो. ज्या घड्याळाची नक्कल करायची त्यात तो दुसरीकडे असेल, तर जादा चाके घालून हलवावा लागतो. घर्षण वाढते आणि बिघाडही तिथूनच सुरू होतो. अशा फेरफार केलेल्या मशीनला ‘क्लोन’ तरी म्हणावे का? माझ्या मते ‘बेतलेले’ हाच प्रामाणिक शब्द आहे.

अनुवादिका : ‘बेतलेले’ वाक्यात चालेल, पण मला तक्त्याच्या मथळ्यासाठी नाम हवे आहे.

शब्दप्रेमी : ‘प्रतिरूप’ घ्यावे.

कारागीर : ‘प्रतिरूप’ म्हणजे दिसायला सारखे, आणि येथे दिसणे गौण आहे. एटाचा सुटा भाग सेलिटात बसतो की नाही, हा प्रश्न आहे. पुष्कळ भाग बसतात, सगळे नाही. ते सांगणारा शब्द सुचवा, मग ‘क्लोन’ सोडू.

काटेकोर : मग एसटी२१३० आणि फेरफार केलेले ७७५० एकाच मथळ्याखाली घेऊच नयेत. तक्त्याचे रकानेच आधी वेगळे करावेत.