सायलोसायबिनच्या सत्रानंतर भावाला सोलापुरात कोणता आधार मिळू शकेल?

प्रश्न : मोठी बहीण, अशोक चौक

माझा धाकटा भाऊ शिक्षणासाठी नेदरलँड्समध्ये होता. तेथे सायलोसायबिन (काही अळंब्यांत असणारे, भास घडवणारे द्रव्य) असलेले ट्रफल्स, म्हणजे अशा अळंबीच्या जमिनीखालच्या गाठी, कायदेशीरपणे मिळतात आणि एका निवासी शिबिरात त्याने ते घेतले. शिबिरापूर्वी त्या लोकांनी फोनवर जुजबी चौकशी केली. नंतर कोणी विचारपूसही केली नाही. सत्रात त्याला आमचे वारलेले आजोबा हातमागावर बसलेले दिसले. तो हाका मारत राहिला, पण धोटा थांबला नाही आणि आजोबांनी मान वर केली नाही. हे सांगताना त्याला अजूनही रडू कोसळते. आता तो घरी आला आहे, त्याचे कशात लक्ष लागत नाही आणि पुन्हा एकदा जाऊन आल्यावर सारे उलगडेल, असे तो म्हणतो. आईला वाटते की बाहेरचे काही लागले आहे, तर बाबांना पोलिसांची धास्ती आहे. आम्ही कोणाकडे जावे?

उत्तर : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सोलापूर

ताई, आधी धोक्याच्या खुणा पाहा. रात्रभर झोप नसूनही थकवा न जाणवणे, आपली एखाद्या महान कार्यासाठी निवड झाली आहे असे वाटणे, कानात आवाज येणे, घरच्यांवर संशय घेणे किंवा जीव नकोसा होणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चालू असतो. घराण्यात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार असल्यास तेही सांगावे, कारण अशा व्यक्तींना संशोधनातही सहसा घेत नाहीत.

तसे काही नसेल, तर त्याला हवे आहे ते राहून गेलेले अर्धे काम. आघातोत्तर ताणावर एमडीएमए या मनोवस्था बदलणाऱ्या दुसऱ्या द्रव्याच्या ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत पहिल्या मात्रेपूर्वी दीड-दीड तासाच्या ३ बैठका आणि प्रत्येक मात्रेनंतर पुन्हा ३ बैठका ठेवलेल्या होत्या. आधीच्या बैठकांत विश्वास जुळतो आणि भीतिदायक दृश्य आले तर काय करायचे ते ठरते. नंतरच्या बैठकांत माणूस आपला अनुभव आपल्याच शब्दांत मांडतो आणि त्यातले रोजच्या जगण्यात काय आणायचे ते सावकाश ठरवतो. यासाठी सोलापुरात त्या औषधांचा खास जाणकार शोधत बसू नका. शोक आणि आघात यांवर काम करण्याची सवय असलेला, ऐकून न दचकणारा थेरपिस्ट पुरेसा आहे.

घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे. आजोबांनी मान का वर केली नाही, याचा अर्थ कोणीही त्याला सांगू नये. ते दृश्य त्याला जसेच्या तसे लिहू द्या आणि आजोबांविषयी घरात मोकळेपणाने बोला. नोकरी, लग्न यांसारखे मोठे निर्णय तूर्त पुढे ढकलावेत.

उत्तर : फार्मासिस्ट, मूळची सोलापूरची, सध्या मेलबर्न

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येते, पण ते केवळ अधिकृत मान्यता मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांनाच. मान्यता असूनही इतकी खबरदारी घेतात, त्यामुळे पुन्हा जाण्याच्या विचाराची मला अधिक काळजी वाटते. आधीचा अनुभव पचलेला नसताना दुसरा घेतल्याने पहिला उलगडतोच असे नाही. तो लिथियम (बायपोलर विकारावरचे औषध) घेत असेल तर सायलोसायबिनसोबत आकडी (फिट) येण्याचा धोका असतो, आणि अशा सत्रासाठी नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद करणेही घातक ठरू शकते. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.

उत्तर : वकील, सोलापूर

बाबांना सांगा की उपचार घेणे हा गुन्हा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, मोजके अपवाद वगळता, रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे; म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नये. भारतात मात्र सायलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. ते जवळ बाळगणे, मागवणे किंवा येताना सामानातून आणणे, सारेच गुन्हे आहेत.

मोठी बहीण

सर्वांची आभारी आहे. तो तज्ज्ञांना भेटायला तयार आहे, पण आमच्यापैकी कोणीही आत नको म्हणतो. चालेल का?

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ

अवश्य चालेल. पहिली भेट त्याला एकट्याला घेऊ द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. त्याच्या झोपेत व वागण्यात तुम्हाला जे बदल दिसले, ते कागदावर लिहून त्याला आधी वाचायला द्या आणि त्याच्या संमतीने तो कागद डॉक्टरांकडे पाठवा.