मदत हवी आहे: अँड आणि ऑर एकत्र आले की उत्तर चुकतंय

नमस्कार मंडळी. मी लातूरजवळच्या गावातला, पायथन शिकायला लागून महिनाच झालाय. वडील सोयाबीन आणि तूर मोंढ्यात नेतात, म्हणून ओलावा 12 टक्क्यांपर्यंत असेल तरच "माल घ्या" सांगणारा छोटा प्रोग्राम लिहिला. अट अशी (ऑर, अँड कोडमध्ये इंग्रजीतच आहेत):

पीक == "सोयाबीन" ऑर पीक == "तूर" अँड ओलावा <= 12

18 टक्के ओलाव्याची तूर बरोबर नाकारली जाते, पण तेवढ्याच ओलाव्याचं सोयाबीन खुशाल पास होतं! सोयाबीन-तुरीच्या भागाला कंस घातला की उत्तर नीट येतं. म्हणजे बेरजेआधी गुणाकार, तसा ऑरच्या आधी अँड, एवढं कळलं. पण मग नॉटचा (अट उलटी करणारा शब्द) नंबर कुठं लागतो? आणि <= सारखी तुलना या तिघांच्याही आधी होते का?

अजून एक. आधी मी नुसतं पीक == "सोयाबीन" ऑर "तूर" लिहिलं होतं, तेव्हा तर कापूससुद्धा पास झाला. एररही आली नाही. एकटा "तूर" हा शब्द खरा कसा काय धरला जातो? कुणी नीट समजावून सांगा. शेजारच्या दोन पोरांनाही मीच शिकवतोय, त्यांना चुकीचं सांगायला नको.