सिलिंडर पुरत नाही, वीजबिलही वाढलंय

प्रश्न (भुसावळ): भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे. पाच माणसं, 14.2 किलोचा सिलिंडर महिनाभर टिकत नाही. दिवसभर पंखा. काय करू?

चोपड्याची आजी: माय, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, ते ऊन वापर. माझा पेटीचा सौरकुकर गच्चीवर असतो. दहाला तूरडाळ-भात लावते, एकपर्यंत शिजतो. डबे बाहेरून काळेच हवेत. भरीत मात्र त्यात होत नाही, त्याला तुरकाठ्यांचाच जाळ लागतो. कुकर नसेल तर भिजवलेल्या तांदळाला चांगली उकळी आण, घट्ट झाकण लाव आणि पातेलं जुन्या गोधडीत तासभर गुंडाळून ठेव. आमच्याकडे भात असाच होतो.

जळगावहून: जुना पंखा 75 वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 च्या आसपास. रोज 18 तास चालला तर महिन्याला 24 युनिट वाचतात. घर सोडताना काढून नेता येतो.

भुसावळ: गोधडी आजच काढते. पण मी दुपारी कामावर असते, सौरकुकर फिरवणार कोण?

चोपड्याची आजी: बारा वाजताचं ऊन जिथून येतं, तिकडे तोंड करून ठेव आणि जा. त्यात डाळ करपत नाही.