रानमोडी नेमकी कुठली?

प्रश्न : गगनबावडा-राधानगरीकडं डोंगरउतार व्यापून बसलेल्या उंच झुडपाला आम्ही 'रानमोडी' म्हणतो. पन्हाळ्याच्या मावशींनी मात्र बांधावरचं गुडघाभर, निळसर फुलांचं रोप दाखवून तीच रानमोडी म्हणून सांगितलं. कापल्यावर दोन्हींचा पाला चुरगाळून लावतात. मग खरी कुठली?

उत्तर : रान मोडते ती रानमोडी. वाढेल तिथं खाली गवत उरत नाही, गव्यांचा चारा जातो, म्हणून हे नाव झुडपालाच जास्त शोभतं. शास्त्रीय नाव क्रोमोलेना ओडोराटा, मूळ अमेरिका खंडातलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५९ मध्ये त्याला युपॅटोरियम ओडोराटम म्हटलं होतं. किंग आणि रॉबिन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ते क्रोमोलेना या प्रजातीत (वनस्पतींच्या गटात) हलवलं. जुन्या पुस्तकांत युपॅटोरियम दिसलं तर झाड वेगळं समजू नका.

मावशींचं रोप बहुधा ओसाडी, म्हणजे अजेरॅटम कोनिझॉइडिस. तीही बाहेरूनच आलेली. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोन्हींची पानं समोरासमोर, चुरगाळली की उग्र वास. त्यामुळं घोटाळा होतो. रानमोडीच्या पानात बुडापासून तीन शिरा त्रिशूळासारख्या फुटतात आणि फुलांचे गुच्छ लांबट नळीसारखे असतात. ओसाडी एका हंगामाचं केसाळ रोप, गुच्छ बुटके. शंका उरली तर पिकलेलं बी भिंगाखाली धरा. रानमोडीच्या बीला बारीक केसांचा तुरा असतो, ओसाडीच्या बीवर टोकदार खवले, सहसा पाच.

प्रश्न : म्हणजे औषधी दोन्ही?

उत्तर : 'औषधी' हा शब्द इथं जपून वापरायला हवा. व्हिएतनाममध्ये रानमोडीच्या पानांचा अर्क जखमा आणि भाजण्यावर वापरला गेला आहे, प्रयोगशाळेत तो काही जिवाणूंना रोखतानाही दिसला आहे. पण तो मोजून-मापून काढलेला अर्क. बांधावरचा धुळीचा पाला उघड्या जखमेवर चोळणं वेगळं, आणि काढा करून पिणं तर नकोच. दोन्ही वनस्पतींत पायरोलिझिडिन अल्कलॉइडं नावाची विषारी द्रव्यं सापडतात. ती यकृताला बाधतात. लावायच्या पाल्याचं नाव ऐकून कुणी तो उकळून प्यायला तर काय होईल, याची मला खरंच काळजी वाटते. औषधी म्हणून रानमोडी परसात लावणंही नको, तिचं बी वाऱ्यावर दूरवर जातं.

नुसत्या नावावर विसंबण्यापेक्षा फुलं-बिया असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. गाव, तारीख, झाडाची उंची, फुलांचा ताजा रंग लिहा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, तिथल्या नमुन्यांशी ताडून बघता येईल. मावशी जे नाव घेतात तेही चिठ्ठीवर जसंच्या तसं लिहा. पन्हाळ्यात ओसाडीला रानमोडी म्हणत असतील तर शब्दकोशात तो अर्थही यायला हवा.