मदत हवी आहे: शनिवारच्या गटाला जागा (तातडीचं)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी, आम्हाला दर शनिवारी दुपारी दोन तास बसायला जागा हवी आहे, आठ-दहा माणसं, खुर्च्या नसल्या तरी चालेल सतरंजी आहे, पंखा असला तर बरं, भाडं फार देता येणार नाही. आधी होती ती गेली. दोन शनिवार फुकट गेले आणि आमच्यातले एक काका परत दार लावून घरात बसलेत म्हणून घाई आहे. देऊळ नको, ग्रामपंचायत नको. कोणी सुचवा प्लीज.

फणस_कापा
कुठे?? कोकण डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आहे हो.

चाकरमानी_डोंबिवली
कसला गट ते पण सांगा. भिशी, भजन, बचत गट? त्यावर जागा ठरते.

खाडीकाठ
गुहागर तालुका. गावाचं नाव इथे टाकणार नाही, कारण गट मानसिक आजाराच्या पेशंटांचा आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर वगैरे. आम्ही बसतो, बोलतो, गोळ्या चालू आहेत ना विचारतो, चहा पितो.

चाकरमानी_डोंबिवली
मग सोपं आहे, व्हॉट्सॲप ग्रुप काढा नाहीतर झूमवर या. माझा मामेभाऊ डिप्रेशनमध्ये होता तो ऑनलाइन गटात बरा झाला. जागेची कटकटच नाही.

खाडीकाठ
आमच्यात तिघांकडे साधे फोन आहेत. एक जण मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवतात असं वाटून मोबाइल विहिरीत टाकून मोकळा झालाय. त्याला झूमवर कुठून आणू.

मधली_आळी
ग्रामीण रुग्णालयात विचारा की! तिथे मानसोपचारवाले डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, खोली रिकामी असते.

खाडीकाठ
विचारलं होतं, ते द्यायला तयार आहेत. पण आमची माणसं त्या पाटीखालून आत जात नाहीत. बाहेरच रिक्षा स्टँड आहे, आणि स्टँडवर कोणाचा ना कोणाचा चुलता असतोच.

रवळनाथ_कृपा
रागावू नका पण गोळ्यांनी हे बरं होत नाही. आमच्याकडे एका बाईंना असंच होतं, देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, उजवा कौल झाला, आज घरचं सगळं बघतात. आधी देवाचं बघा.

सिस्टर_निवृत्त
गाऱ्हाणं घाला, कोणी अडवत नाही, पण गोळी बंद करून नको. मी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाजवळच लहानाची मोठी झाले. १८८६ सालचं आहे ते, राज्यात अशी सरकारी चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि हे. तिथे परत भरती व्हायला येणाऱ्यांत मनाने गोळी सोडलेले किती बघितलेत विचारू नका.

रवळनाथ_कृपा
मी गोळी सोडा कुठे म्हटलं?

सिस्टर_निवृत्त
"गोळ्यांनी बरं होत नाही" हे वाचून घरचे काय करतात ते मला माहीत आहे.

कायदा_वाचा
धागाकर्त्या ताई, तुम्ही दिव्यांग प्रमाणपत्र काढलंत का? २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, मानसिक आजार त्यात आहे, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त लागतं. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपण बरे असताना आधीच लिहून ठेवता येतं की पुढे आजार उलटला तर कोणते उपचार हवेत कोणते नकोत, आणि आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमता येतो. आरोग्य विम्यात पण मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं लागतं. हे लोकांना माहीतच नसतं.

फणस_कापा
माहिती छान आहे पण त्यांना खोली हवी आहे हो 😄

सुरंगी
आधीची जागा का गेली ते कोणी विचारलंच नाही. भाड्यामुळे की आवाजामुळे?

खाडीकाठ
ते सांगायचं राहिलं. एका वाचनालयाची मागची खोली होती, सहा महिने काही त्रास नाही. मग कोणीतरी म्हटलं तिथे वेड्यांची मीटिंग भरते. कमिटीने नाही असं म्हटलं नाही. फक्त किल्ली सापडेनाशी झाली. पहिल्या शनिवारी सापडली नाही, दुसऱ्या शनिवारी किल्ली ज्यांच्याकडे असते ते चिपळूणला गेलेले.

सुरंगी
कळलं. माझ्या मुलाला आठ वर्षं स्किझोफ्रेनिया आहे म्हणून विचारते, घरच्यांनी आलेलं चालतं का? तुमचं कोण आहे त्यात, नवरा की भाऊ?

खाडीकाठ
माझं कोणी नाही, मीच आहे. बायपोलर, २०१२ पासून. मला वाटलं ते कळलं असेल. "आम्ही बसतो" लिहिलंय ना वर.
घरच्यांचं म्हणाल तर नाही, रागावू नका. दोनदा बसवून बघितलं. आई शेजारी बसली की मुलगा गप्प, आणि आईच सांगते हा आंघोळ करत नाही.

सुरंगी
मग आयांनी कुठे सांगायचं? आठ वर्षात एका लग्नाला गेले नाहीये मी.

खाडीकाठ
तुमचा वेगळा गट हवा, खरंच. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत. पण मला आत्ता एक मिळेना.

समाजकार्य_एमएसडब्ल्यू
सुरंगी ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तामिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात स्किझोफ्रेनियाच्या २८२ जणांवर अभ्यास झाला होता, २०१४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही जणांना फक्त दवाखान्याचे उपचार, बाकीच्यांकडे त्याच भागातले ट्रेनिंग दिलेले कार्यकर्ते घरीसुद्धा जायचे, पेशंट आणि घरचे दोघांशी बोलायचे. वर्षाने दुसऱ्या गटाला थोडा जास्त फायदा दिसला. त्यामुळे नुसतं आपण आपलं बसण्यापेक्षा ट्रेनिंग झालेला माणूस आणि सुपरव्हिजन हवं.

खाडीकाठ
कार्यकर्ता आला तर चहा पाजू. पण मंगळवारी रात्री दोन वाजता झोप लागत नाही तेव्हा मी फोन करते तो गटातल्या बाईंना, कारण त्या पण जाग्या असतात आणि त्यांना "विचार करू नकोस" असं म्हणायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा म्हणून त्याच मागे लागतात.

सिस्टर_निवृत्त
रात्रीसाठी १४४१६ पण लिहून ठेवा सगळ्यांनी, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या बाई एखाद्या रात्री झोपलेल्या असतील तर.

चाकरमानी_डोंबिवली
सुरूच्या बनात बसा की, समुद्रावर. मोकळी हवा मनाला चांगली.

मधली_आळी
डोंबिवलीत पाऊस नाही का चालू? 😂

फणस_कापा
सगळे कुठून येतात? एसटीच्या जवळ हवं का?

खाडीकाठ
दोघं जयगडकडून फेरीबोटीने तवसाळला उतरून येतात, बाकी एसटीने. पाचाच्या आत सुटायला हवं.

मधली_आळी
फेरीबोट वाऱ्याला बंद असली तर? आणि बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यांना फेरी कशाला.

फणस_कापा
त्या दोघांत बायका आहेत असं कोणी सांगितलं? असो. ताई, माझी आंब्याची शेड आहे. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. अढी लावायची खोली रिकामीच आहे, मार्चपर्यंत काही काम नाही, खोकी एका बाजूला रचून देतो. एसटी थांब्यापासून सात-आठ मिनिटं चाल, वाटेत घरं नाहीत. भाडं नको. कोणी विचारलं तर खोकी मारायला माणसं येतात म्हणेन.

समाजकार्य_एमएसडब्ल्यू
पण असं लपवून कलंक वाढतोच ना? उघडपणे बसायला हवं.

खाडीकाठ
तुम्ही बसा उघडपणे, आम्ही येऊन बघतो.
फणस_कापा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. पत्र्यावर पाऊस वाजला की एकमेकांचं ऐकू येईल का?

फणस_कापा
ओरडून बोलावं लागतं खरं. पण बाहेर उभ्या माणसाला काही म्हणजे काही ऐकू जात नाही.

खाडीकाठ
ते चांगलंच आहे. आमच्यात एकाला आवाज ऐकू येतात, त्याला विचारते पत्र्याचा त्रास होईल का, कधी कधी अशा आवाजात त्याला उलट बरं वाटतं. शनिवारी आधी मी एकटी येऊन बघून जाते. आणि संडास आहे ना जवळ? बायपोलरची लिथियमची गोळी घेणारे तिघं आहोत, तिने तहान लागते, सारखं पाणी पितो.

फणस_कापा
आहे, मागच्या बाजूला. दाराची कडी तुटलीये, शनिवारच्या आत लावून घेतो.