अनुभव धागा : कंट्रोलच्या मशीनवरचा अंगठा

पऱ्हाटी
कापूस वेचून आलेल्या आईच्या बोटांवर वाळलेल्या बोंडांनी काढलेले ओरखडे काल पाहिले आणि आजीची आठवण झाली. कंट्रोलच्या, म्हणजे रेशन दुकानाच्या, पॉस मशीनवर (आधारमधल्या ठशाशी बोट जुळवून पाहणारे यंत्र) तिचा अंगठा कधीच जुळत नसे. दुकानदार बोट पदराला पुसायला सांगे, मग खोबरेल लावायला सांगे, आणि मागची रांग कुरकुरत राही. आपापल्या गावचे अनुभव, चांगलेही, अवश्य लिहावेत.

निवृत्त तलाठी
ताई, आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे अंगठ्याचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. वेचणीत अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे झिजतात, करंगळी बहुधा शाबूत राहते. आमच्या गावातील कित्येक बायांचे धान्य करंगळीवरच निघते. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. पूर्वी शाईच्या अंगठ्याखाली दोन साक्षीदार सही करत. मशीनपुढे शेजाऱ्याची साक्ष चालत नाही, हे मला अजूनही खटकते.

वैनगंगाकाठ
आमच्याकडे गडचिरोलीत बोटांपेक्षा रेंजचा प्रश्न मोठा आहे. रोवणीची मजुरी बुडवून माणसे कंट्रोलवर बसून राहतात आणि मशीनचे चाक नुसते फिरत असते.

करंजी
माझ्या मामांची बोटे कुष्ठरोगाने गेली. बोटे नसतील तर केवळ डोळ्यांच्या बुबुळांवर आधार नोंदणी होते, हे केंद्रावरच्या मुलाला ठाऊक नव्हते आणि त्याने मामांना सर्वांसमोर हात वर करून दाखवायला लावले. पुढे दुसऱ्या केंद्रावर नोंदणी विनासायास झाली, पण मामा तेव्हापासून कोणत्याही सरकारी कामाला एकटे जात नाहीत.

पऱ्हाटी
करंजीताई, वाचून फार वाईट वाटले. मामांना नमस्कार सांगा.

रेल्वेवाल्यांची मुलगी
माझा अनुभव चांगला आहे. वडील पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जात. 2014 मध्ये जीवन प्रमाण, म्हणजे आधारवरून ऑनलाइन मिळणारा हयातीचा दाखला, आले तरी ठशांची अडचण होतीच. नोव्हेंबर 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्यावर मात्र ते काम ओसरीत बसून होते. मोबाइलसमोर डोळे मिचकावताना बाबा इतके गंभीर होतात की आईला हसू आवरत नाही.

वैनगंगाकाठ
काकांना सांगा, आमच्याकडे येऊ नका, मिचकावून मिचकावून डोळे दुखतील पण रेंज येणार नाही.

पऱ्हाटी
तलाठीकाका, करंगळी लावूनही दुकानदाराने परत पाठवले तर दाद कोणाकडे मागायची?

निवृत्त तलाठी
तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाकडे, आणि तीही लेखी. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.