मुलाची साखर वारंवार उतरते, कारण सापडत नाही : पुढे काय करावे?

मलप्रभाकाठ (खानापूर)
मी खानापूर तालुक्यात दवाखाना चालवतो. चार वर्षांचा एक मुलगा आठ महिन्यांत सहा वेळा झटके आल्याचे सांगून माझ्याकडे आणला गेला आणि प्रत्येक झटका फक्त आईनेच पाहिलेला होता. मागच्या खेपेस त्याची साखर ३४ निघाली. पिशवीत बेळगाव, मिरज, कोल्हापूर आणि गोव्याचे कागद आहेत, काही कन्नडमध्ये, काही मराठीत, पण एका ठिकाणी काय आढळले ते दुसऱ्या ठिकाणी कोणालाच ठाऊक नाही. रुग्णालयात आजी सोबतीला होती तेव्हा त्याला काहीही झाले नाही. आजीला मधुमेह आहे, तिचे इन्सुलिन घरातच असते. आई मात्र रात्र रात्र मुलाच्या उशाशी बसते, त्यामुळे मनात आलेला संशय लिहायलाही हात धजावत नाही.

बालरोगतज्ज्ञ, बेळगाव
डॉक्टर, उशाशी बसण्यावरून काहीच ठरवू नका. १९७७ साली रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आईनेच मुलाचा आजार रचण्याच्या किंवा घडवण्याच्या या प्रकाराचे (मुंचाउसेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी) पहिले वर्णन केले, त्यातल्या माताही वॉर्डात प्रेमळ आणि सहकार्य करणाऱ्या वाटत होत्या, त्यांपैकी एकीचे मूल मिठाच्या विषबाधेने दगावले. तरीही खरा आजार आधी शोधलाच पाहिजे. साखर उतरलेली असतानाच, ग्लुकोज देण्याच्या आधी, रक्ताची नळी भरून घ्यावी, अर्थात त्यापायी उपचाराला उशीर होऊ न देता. इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड (शरीर इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारा घटक) अगदी कमी आले, तर ते इन्सुलिन बाहेरून गेलेले असते, कारण शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा दोन्ही सोबतच वाढतात. आजी सल्फोनिलयुरियाची (मधुमेहावरील एक औषध) गोळी घेत असल्यास मुलाच्या रक्तात त्या औषधाची तपासणी वेगळी सांगावी लागते, कारण त्या गोळीनेही दोन्ही वाढतात. नव्या प्रकारची काही इन्सुलिने काही चाचण्यांत दिसतच नाहीत, म्हणून प्रयोगशाळेला औषधाचे नाव कळवा. आणि पुढच्या झटक्याची वाट न पाहता मुलाला दाखल करा.

परिचारिका, निपाणी
नोंदीत ‘झटका आला’ असे लिहू नये. ‘झटका आल्याचे आईने सांगितले’ आणि ‘झटका परिचारिकेने पाहिला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे सगळे त्यावरच ठरते. मुलाला कोण भरवते, औषध कोण देते, तेही वेळेसह लिहावे.

बालहक्कांचे काम करणारी, चिकोडी
आईला एकट्याने जाब विचारू नका. ती मुलाला घेऊन तिसऱ्याच गावी जाईल, आणि तुमच्याकडचा धागाही तुटेल. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३१ मध्ये मुलाला बालकल्याण समितीपुढे नेऊ शकणाऱ्यांत डॉक्टर आणि परिचारिका यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तातडी असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. आईलाही मानसोपचाराची गरज असू शकते, परंतु आधी मूल सुरक्षित झाले पाहिजे.

मलप्रभाकाठ (खानापूर)
उद्या सकाळी त्याला बेळगावला दाखल करण्यासाठी पाठवत आहे. चारही ठिकाणच्या कागदांची तारीखवार यादी आज रात्री बसून केली आहे. संशयाची गोष्ट चिठ्ठीत लिहिलेली नाही, कारण चिठ्ठी आईच्याच हातात जाईल. ती तिथल्या डॉक्टरांना फोनवर सांगितली आहे.